दोष कुणाचा? : ओहम, मल्टिमीटर आणि दुरुस्तीचा न्याय

(नायगाव, दादर पूर्व येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



बंद पडलेला रेडिओ उघडला, आत एक रेझिस्टन्स काळा पडलेला दिसला, तर रेडिओ त्याच्यामुळे बंद पडला असे म्हणायचे का? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे. प्रश्न दुकानातल्या मेकॅनिकचा आहे, आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने त्यात का पडावे, असे कुणाला वाटेल. पण दोष नेमका कुठे आहे हे ठरवायचे कसे, हा आमच्या शास्त्रातला फार जुना प्रश्न आहे, आणि विजेच्या इतिहासात त्याची जितकी कसून तालीम झाली तितकी क्वचितच दुसरीकडे झाली असेल. त्या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. तोच आज आपण पाहू.

आधी शब्द नीट करून घेऊ. विजेच्या वाटेत जो अडथळा येतो त्याला पुस्तकात रोध म्हणतात. ठरावीक अडथळा मुद्दाम आणणारा जो छोटा भाग असतो तो रोधक. पण लॅमिंग्टन रोडवर जाऊन 'रोधक द्या' म्हणालात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. तिथे त्याला रेझिस्टन्स म्हणतात. आपणही त्या वस्तूला रेझिस्टन्स आणि तिच्या गुणाला रोध म्हणू. रोध मोजायचा तो ओहममध्ये.

ओहम जन्मला कसा

गेऑर्ग ओहम हा जर्मन शिक्षक. १८२७ साली त्याने आपला नियम पुस्तकरूपाने मांडला. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो, रोध दुप्पट केला की प्रवाह निम्मा होतो. आज नववी-दहावीचे मूल हे घडाघडा म्हणते. त्या काळी मात्र त्याच्या देशातल्या विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोपली पदक दिले, तोवर चौदा वर्षे गेली होती.

नियम तर मिळाला, पण रोध मोजायचा कशात? वजन करायला शेर लागतो, धान्य मापायला पायली लागते. इथे पायलीच ठरलेली नव्हती. तारखात्यातला प्रत्येक इंजिनिअर आपापल्या तारेचा एक मैल हेच माप धरी. इंग्लंडचा मैल वेगळा, जर्मनीचा वेगळा, तारेची जाडी वेगळी, तांब्याची शुद्धता वेगळी. आपल्याकडे गावोगावचे शेर-पायली वेगळे असत, तसाच हा कारभार. जोवर तारा खांबांवर होत्या तोवर ते चालून गेले. तार तुटली तर माणूस घोड्यावर बसून जाई आणि डोळ्यांनी बघून येई. हिंदुस्थानात ओशॉनेसीने तारा टाकल्या, १८५५ पर्यंत मुंबई, आग्रा, कलकत्ता आणि मद्रास जोडले गेले, ते याच भरवशावर.

समुद्राने हा भरवसा संपवला. तार पाण्याखाली गेली आणि तिथे डोळे पोचेनात.

१८५८ साली अटलांटिक महासागरातून पहिली केबल टाकली गेली. ऑगस्टमध्ये तिच्यातून संदेश गेले, दोन्ही देशांत आनंदोत्सव झाले, आणि काही आठवड्यांत ती मुकी झाली. तिचा विद्युततज्ज्ञ होता व्हाइटहाउस. क्षीण संदेश पुढे रेटण्यासाठी त्याने तिच्यावर दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब दिला होता. झाले, सारा दोष त्याच्या माथी आला. आजचे इतिहासकार मात्र सांगतात की केबल मुळातच कच्ची होती. घाईत बनवलेली, उन्हात पडून राहिलेली, जागोजाग वेष्टण पातळ झालेली. व्हाइटहाउसने तिचा शेवट लवकर आणला, पण ती फार काळ जगणार नव्हतीच. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या पाठोपाठची केबल आपल्याकडची. १८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला आठवडे लागले, तेव्हा इंग्रज सरकारला जाग आली. तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत १८५९-६० मध्ये केबल टाकली गेली. ती तुकड्यातुकड्याने चालली, तुकड्यातुकड्याने बंद पडली, आणि सलग अशी कधी चाललीच नाही. सरकारने कंपनीला हमी दिलेली होती, त्यामुळे मेलेल्या केबलपायी वर्षाला छत्तीस हजार पौंड पन्नास वर्षे भरत राहण्याची पाळी आली. चौकशी समिती बसली. तिचा अहवाल १८६१ चा. जगात तोवर टाकलेल्या सुमारे अकरा हजार मैल समुद्री केबलपैकी जेमतेम तीन हजार मैल चालू होती.

आता कारणाची साखळी बघा. याच १८६१ साली ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, तिच्या मागे होते. व्हीटस्टन होते, फ्लीमिंग जेंकिन होते, वर्षभराने जेम्स क्लार्क मॅक्सवेल आले. मॅक्सवेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात तारेचे वेटोळे फिरवून प्रयोग केले, आणि १८६५ मध्ये प्रमाणित रोधाची वेटोळी जगभर पाठवली गेली. तीच आजच्या ओहमची पूर्वज. १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत ओहमला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

शुद्ध ज्ञानाच्या ओढीने शास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी एकक ठरवले, असे आपल्याला वाटते. ओढ होतीच, मॅक्सवेलसारख्या माणसाला ती नसेल तर कुणाला असेल? पण समितीच्या पाठीशी जी निकड होती ती बुडालेल्या पैशाची आणि सापडत नसलेल्या बिघाडांची होती. ओहमला व्यवहारात आणले ते बिघाडाने.

मुंबईच्या बंदरातली केबल

तांबड्या समुद्रातल्या अपयशानंतर १८६४ मध्ये इराणच्या आखातातून केबल टाकली गेली. ती आधी मुंबईला आली. ती घेऊन येणाऱ्या शिडाच्या जहाजांत एक होते 'ट्वीड'. हे जहाज मुळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले, त्याचे पहिले नाव 'पंजाब'. वाफेचे लढाऊ जहाज म्हणून ते बांधले गेले, पुढे विकले गेले, इंजिन काढून त्याला शिडाचे केले, नाव बदलले, आणि ते पोटात केबल घेऊन आपल्या जन्मगावी परतले. इथून आगबोटींनी ती जहाजे ओढत आखातात नेली.

या केबलचे वैशिष्ट्य असे की कारखान्यात बनत असतानाच तिची पद्धतशीर विद्युत-तपासणी होत होती. तांब्याचा रोध किती, वेष्टणाचा रोध किती, हे मोजून लिहून ठेवले जात होते. हा फरक मोठा आहे. चांगल्या अवस्थेतली नोंद हाताशी असेल तरच वाईट अवस्था ओळखता येते. डॉक्टर जुने रिपोर्ट घेऊन या म्हणतात ते याचसाठी. ही केबल टिकली. आणि १८७० च्या फेब्रुवारीत त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज, 'ग्रेट ईस्टर्न', मुंबईच्या किनाऱ्याला जोडलेली केबल एडनच्या दिशेने सोडत निघाले. त्याच वर्षी लंडन आणि मुंबई समुद्रमार्गे जोडली गेली.

समुद्रात बिघाड झाला तर किनाऱ्यावर बसलेला माणूस तो शोधणार कसा? इथे थोडे गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा एका केबलचा मैलाला रोध चार ओहम आणि पूर्ण केबलचा चारशे. मध्ये कुठेतरी वेष्टण फाटले, वीज समुद्रात गळू लागली. या टोकाहून मोजले, पलीकडचे टोक मोकळे ठेवले, तर रोध भरला १७० ओहम. चारने भागा, साडेबेचाळीस मैलांवर बिघाड, असे म्हणून जहाज पाठवावे का? नाही. कारण त्या १७० मध्ये फाटलेल्या जागेचा स्वतःचा रोधही आहे, तो किती ते ठाऊक नाही. मग दुसऱ्या टोकाहून मोजायचे. तिथून भरला २९०. दोन्हींची बेरीज ४६०. केबल तर चारशेचीच. वरचे साठ आले कुठून? फाटलेल्या जागेचा रोध दोन्ही मोजण्यांत एकेकदा धरला गेला आहे, म्हणून तो प्रत्येकी तीस. १७० मधून तीस गेले, १४० राहिले, म्हणजे बिघाड पस्तीस मैलांवर. जहाज साडेसात मैल चुकले असते.

दोन साक्षीदार आहेत, दोघांच्या बोलण्यात सारखीच भेसळ आहे. एकेकट्याचे ऐकले तर दोघेही फसवतील. दोघांना एकत्र बसवले की भेसळही कळते आणि सत्यही कळते. वकिलांना हे सांगायला नको. पण एका बाजूची मोजणी कितीही काटेकोर असली तरी ती एका बाजूचीच असते, हे विजेने आकड्यांत दाखवून दिले.

मीटर हातात आला

तारखात्याची उपकरणे मोठी, नाजूक, टेबलावर ठेवायची. फिरतीवरच्या माणसाला दाब मोजायला एक यंत्र, प्रवाहाला दुसरे, रोधाला तिसरे. ब्रिटिश पोस्ट खात्यातला एक इंजिनिअर, डोनाल्ड मॅकडी, हे ओझे वाहून कंटाळला आणि त्याने तिन्ही कामे एका पेटीत बसवली. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले ॲव्हो. १९२३ मध्ये ती बाजारात आली. आज आपण ज्याला मल्टिमीटर म्हणतो, दुकानात नुसते मीटर म्हणतो, त्याचा हा मूळ पुरुष.

आता १९२३ च्या आसपासची आपली मुंबई डोळ्यांसमोर आणा. खोपोलीची वीज १९१५ पासून गिरण्यांना मिळू लागली होती. १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय १९२३ मध्येच माटुंग्याला आली, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट याच दशकात इथे नायगावला, वरळीला, डिलाईल रोडला आणि शिवडीला चाळी बांधत होते. नायगावच्या त्या बेचाळीस चाळी आणि त्यांतली १६० चौरस फुटांची खोली तुम्हाला सांगायला नको. २३ जुलै १९२७ ला मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. म्हणजे वीज, तंत्रशिक्षण, कामगारांची वस्ती आणि रेडिओ ही चारही या शहरात एकाच पिढीने पाहिली. त्यातून रेडिओ दुरुस्त करणारा माणूस तयार झाला.

मीटरही पुढे इथला झाला. सिंधमधल्या सक्कर गावी १९०९ साली सुरू झालेला मोटवाने यांचा व्यवसाय मुंबईत आला, शिकागो रेडिओ या नावाने काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवू लागला. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, सतत जागा बदलत, तेव्हा नानक मोटवाने यांनी यंत्रसामग्रीची मदत केली. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात पोलिसांची धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने खटल्यातून सुटले. याच मोटवाने उद्योगाने पुढे नाशिकला मल्टिमीटर बनवले. महाराष्ट्रातल्या कितीतरी आयटीआयमधून आणि कॉलेजच्या प्रयोगशाळांतून काटा हलणारा तो नाशिकचा मीटर असे, आणि विद्यार्थ्याने पहिला रोध मोजला तो त्याच्यावर.

टेबलावरची परीक्षा

आता टेबलाशी बसू. रेझिस्टन्स तपासायचा आहे. काय काय करावे लागते?

आधी पिन काढायची, वीज पूर्ण बंद. कपॅसिटरात साठलेली वीज उतरवून टाकायची, नाहीतर मीटरही जाईल आणि बोटालाही झटका बसेल. मग मीटरची दोन टोके एकमेकांना लावायची. काट्याचा मीटर असेल तर काटा शून्यावर आणून घ्यायचा, आकड्यांचा असेल तर शून्याच्या अगदी जवळचा आकडा दिसला पाहिजे. मीटर दुसऱ्याची परीक्षा घेणार, म्हणून आधी त्याची परीक्षा. ज्यांनी न्यायसूत्रे वाचली आहेत त्यांना तराजूचे उदाहरण आठवेल. सोने तोलणारा तराजू स्वतःही तोलला जाऊ शकतो. प्रमाण हे प्रसंगी प्रमेय होते, आणि त्यात काही विसंगती नाही.

मग रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे वाचायचे. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. समजा पिवळा, जांभळा, लाल आणि शेवटी सोनेरी आहे. चार, सात आणि पुढे दोन शून्ये, म्हणजे ४७०० ओहम. सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे माफ. ४४६५ ते ४९३५ यांत काहीही भरले तरी तो निर्दोष. कारखान्याने आधीच कबूल केले आहे की अगदी नेमका मी देऊ शकत नाही. अचूकतेची मर्यादा अंगावर छापून फिरणारी ही वस्तू आम्हाला फार प्रामाणिक वाटते. माणसांनी असा एखादा सोनेरी पट्टा बाळगायला हरकत नाही.

आता मुख्य भाग. रेझिस्टन्स बोर्डावर जागच्या जागी आहे, दोन्ही पाय डाग देऊन बसवलेले. त्याच अवस्थेत मीटर लावला आणि ३२०० दिसले. खराब झाला? तसे म्हणता येत नाही. त्याच दोन बिंदूंच्या मध्ये दुसऱ्या वाटेने दहा हजार ओहम जोडलेले असतील तर चांगला ४७०० चा रेझिस्टन्सही मीटरला ३२०० च दिसेल. मीटरची वीज दोन्ही वाटांनी जाते, तिला शेजारी आणि घरधनी यांत फरक कळत नाही.

उलट ६००० दिसले तर? तर तो नक्की बिघडलेला. कारण शेजारची वाट रोध कमीच करू शकते, वाढवू शकत नाही. कपॅसिटर रिकामे आहेत एवढे पाहून घेतले की या निष्कर्षाला अपवाद नाही.

आणि तिसरी शक्यता सर्वांत फसवी. आकडा बरोबर दिसतो, साधारण ४७३७. आपण समाधानाने पुढे जातो. पण तो रेझिस्टन्स म्हातारा होऊन ९००० वर गेलेला असू शकतो. ९००० आणि शेजारचे १०,००० मिळून मीटरवर येतात बरोबर ४७३७! शेजाऱ्याच्या आधाराने तो धडधाकट दिसतो आहे.

म्हणजे जास्त आकडा दोष सिद्ध करतो, कमी आकडा काहीच सिद्ध करत नाही, आणि बरोबर आकडाही निर्दोषत्व सिद्ध करत नाही. उपाय एकच. सोल्डर वितळवून एक पाय उचलायचा. दोन्ही काढायची गरज नाही, एक पाय मोकळा झाला की शेजाऱ्यांशी संबंध तुटतो. आता मीटर जे सांगेल ते त्या एकट्याबद्दल असेल.  इतर सारे दूर केल्यावरही गोष्ट उरते का, ते पाहायचे.

अजून एक बारकावा. लाखो ओहमचा रेझिस्टन्स मोजताना दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्ही टोके धरली तर आपले शरीरही एक वाट होते आणि आकडा उतरतो. मोजणारा स्वतःच मोजमापात शिरतो. एक हात मोकळा ठेवा, असे उस्ताद शागिर्दाला सांगतो, त्यात ज्ञानमीमांसेचा एक अख्खा धडा आहे.

काळा पडलेला रेझिस्टन्स

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत हे नेहमी घडे. एक रेझिस्टन्स जळून काळा. रंगसुद्धा ओळखू येत नाहीत, लाल कोणता आणि तपकिरी कोणता. पाय उचलून मोजला तर काटा हलतच नाही, म्हणजे आतून तुटलेला. इथे शंकेला जागा नाही, तो खराब आहे. शिकाऊ मुलगा तो काढतो, नवा बसवतो, रेडिओ चालू करतो. दोन मिनिटांत नवाही धुरावतो.

कारण पलीकडचा कपॅसिटर शॉर्ट झालेला होता. त्याने भलताच प्रवाह ओढला, आणि तो सगळा या गरीब रेझिस्टन्सच्या अंगातून गेला. रेझिस्टन्स जळला तो सोसून. बरे, कपॅसिटर शॉर्ट झाला तरी तो बाहेरून ठाकठीक दिसतो, डागसुद्धा नसतो. जो दिसायला काळा तो पीडित, आणि जो करणारा तो स्वच्छ.

न्यायशास्त्रात चुकीच्या हेतूंचे प्रकार दिले आहेत, त्यांना हेत्वाभास म्हणतात. त्यांतला पहिला सव्यभिचार. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हा हेतू ठीक, कारण अग्नीवाचून धूर नसतो. पण 'काळा पडला आहे म्हणून यानेच बिघाड केला' हा हेतू ठीक नाही, कारण ज्याने केला त्याच्या ठायीही काळेपणा असू शकतो आणि ज्याने सोसले त्याच्या ठायीही. लक्षण दोन्हीकडे सापडते, म्हणून ते निर्णय देऊ शकत नाही. 'हा खराब आहे' आणि 'हा कारण आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले मीटर सांगतो. दुसऱ्यासाठी सगळे सर्किट वाचावे लागते.

आणि शेवटचा निकाल कशावर? मीटर बरोबर आहे हे कशावरून? दुसऱ्या मीटरवरून. तो कशावरून? तिसऱ्यावरून. ही अनवस्था. मोजमापशास्त्राने तिला उत्तर शोधले आहे. फॉन क्लिट्झिंग यांनी १९८० मध्ये दाखवले की अतिथंड, प्रबळ चुंबकीय क्षेत्रातल्या विशिष्ट पदार्थात रोधाची मूल्ये निसर्गानेच ठरवून दिलेली मिळतात. आज ओहम त्याच्यावर टेकलेला आहे, आणि आपल्या देशाची मोजमापे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. पण नैयायिकाचे उत्तर याहून जवळचे आहे. ज्ञान खरे होते हे त्यावर केलेल्या कृतीच्या यशावरून कळते. कपॅसिटर बदलला, रेझिस्टन्स बदलला, रेडिओ बोलू लागला आणि तासाभरानेही बोलतोच आहे. मेकॅनिक तो तासभर वाट पाहतो तेव्हा तो परतःप्रामाण्यवादी असतो, त्याला तो शब्द ठाऊक असो वा नसो.

नायगावात बसून

हे सारे नायगावात बसून बोलताना एक गोष्ट टाळून जाणे आम्हाला अप्रामाणिक वाटेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. या परिसरातल्या किती घरांत त्याची झळ पोचली ते इथे बसलेल्यांना माहीत आहे. नंतर जे म्हणणे शहरात रूढ झाले ते असे की कामगारांनी संप केला म्हणून गिरण्या बुडाल्या. म्हणजे काय, तर जो काळा पडलेला दिसला, त्याच्यावर बोट ठेवले.

आता दुसऱ्या टोकाहून मोजून पाहा. आजारी गिरण्यांसाठी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले १९६८ मध्ये. १९७४ च्या कायद्याने देशभरातल्या १०३ आजारी गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. हे संपाच्या आधीचे आकडे आहेत. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, दुसरीकडे वळवलेला नफा, सरकारी धोरणे, हे रोग आधीचे आहेत. संपाचा काही परिणाम झाला नाही असे आम्ही म्हणत नाही. व्हाइटहाउसच्या दोन हजार व्होल्टचाही परिणाम झाला होता. संपाच्या दुसऱ्या वर्षी, १९८३ मध्ये, मुंबईतल्या आणखी तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारला हाती घ्यावे लागले, हेही खरे. पण एका टोकाहून मोजून, पाय न उचलता, जळालेल्यालाच जाळणारा ठरवणे, ही परीक्षा कोणताही बरा मेकॅनिक मान्य करणार नाही. गिरणीबद्दल मतभेद राहतील, राहू देत. परीक्षेची रीत तरी एक असावी.

आणि ती रीत जपणारी माणसे आता कमी होत चालली आहेत, ही आजची काळजी आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरदर्शन आले, त्यानंतरची दोन-तीन दशके टीव्ही दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक वस्तीत होता. तो एका दोन-चार आण्याच्या रेझिस्टन्सपर्यंत बिघाड शोधत जाई. आज बोर्ड बदला म्हणतात. भाग वाळूच्या कणाएवढे झाले, नकाशे कंपनीच्या कपाटात राहिले, आणि सुटे भाग मिळेनासे झाले. अख्खा बोर्ड बदलणे म्हणजे एका घरात चोर आहे म्हणून सगळी चाळ पाडणे. वेळ वाचतो हे खरे, पण दोष कुठे होता हे कुणालाच कळत नाही, कंपनीलाही नाही, आणि पुढचा बोर्ड त्याच कारणाने जातो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस त्याचे पोर्टलही सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. चांगली सुरुवात आहे. नकाशा आणि सुटा भाग मिळणे हा हक्काचा एक भाग झाला. पण तो नकाशा वाचू शकणारा माणूस वस्तीत उरला पाहिजे, हे कोणत्याही पोर्टलवर होणार नाही.

म्हणून तरुण मित्रांना आमची एक विनंती आहे. मीटर आज काही शे रुपयांत मिळतो. एक घ्या. घरातली एखादी बंद पडलेली जुनी वस्तू उघडा. तिची पिन काढा, कपॅसिटर रिकामे करा, मीटरची टोके एकमेकांना लावून आधी मीटर तपासा, आणि मग एकेक रेझिस्टन्स एक पाय उचलून मोजा. वस्तू चालू झाली तर आनंदच आहे. नाही झाली तरी, पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर एखाद्याकडे बोट दाखवून 'दोष याचाच' म्हणेल, तेव्हा तुम्ही विचाराल की बाबा, याचा एक पाय उचलून मोजला होता का? आणि दुसऱ्या टोकाहून मोजले होते का?

प्रश्न असतील तर अवश्य विचारा. आमच्या उत्तरांवरचा सोनेरी पट्टा मात्र ध्यानात ठेवा.